वीज न विकण्याचा मोबदला

अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी ग्राहकाच्या हातात पैसे ठेवायला सुरुवात केली ती वीज वाचावी म्हणून नव्हे, जास्त खपावी म्हणून. १९५६ साली सुरू झालेल्या ‘लिव्ह बेटर इलेक्ट्रिकली’ या मोहिमेमागे जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस यांचे पाठबळ होते आणि शेकडो वीज कंपन्या तिच्यात सामील होत्या. स्वयंपाक, अंघोळीचे पाणी, हिवाळ्यातली ऊब असे सगळे विजेवर असलेल्या घराच्या दाराशी ‘गोल्ड मेडॅलियन’चा बिल्ला लागे, आणि अनेक ठिकाणी घर बांधणाऱ्याला कंपनीकडून रोख रक्कम किंवा जोडणीच्या खर्चात सूट मिळे. दरांची रचनाही तशीच होती. पहिली काही युनिटे महाग, पुढची स्वस्त. यात लबाडी होती असे म्हणता येत नाही. प्रत्येक नवे वीजकेंद्र आधीच्यापेक्षा मोठे होते आणि त्याची वीज स्वस्त पडत होती, त्यामुळे खप वाढला की सगळ्यांचाच दर उतरायचा. पुढच्या पंचवीस वर्षांत हे सारे उलटले. त्याच कंपन्या जुने दिवे, जुन्या मोटारी, जुने बॉयलर काढून टाकण्यासाठी पैसे देऊ लागल्या आणि त्यांच्या मोठ्या लाभार्थींमध्ये सरकारी शाळा होत्या. या उलथापालथीचे श्रेय सहसा तेलसंकटाला आणि त्यातून आलेल्या जागृतीला दिले जाते. शाळांचा इतिहास पाहिला तर ते पटत नाही. कंपन्यांचा हा परतावा आला तो काटकसरीच्या सद्बुद्धीतून नव्हे, तर भांडवल कोणाकडे आहे आणि बचत कोणाच्या घरी होते या हिशेबातली चूक दुरुस्त करण्याच्या गरजेतून.

जागृतीचीच उणीव असती तर ती १९७३ नंतरच्या चार वर्षांत दिसली असती. अरब देशांनी तेल रोखल्यावर निक्सन सरकारने ६ जानेवारी १९७४ पासून देशभर घड्याळे तासभर पुढे केली. ऐन हिवाळ्यात मुले काळोखात शाळेला निघू लागली. फ्लोरिडात सकाळच्या अंधारातल्या अपघातांत मुले दगावली, तेव्हा पालकांचा संताप उसळला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने हिवाळ्यापुरता हा निर्णय फिरवला. १९७७च्या कडाक्याच्या थंडीत ओहायोतल्या कोलंबस शहराला नैसर्गिक वायू पुरेना, म्हणून शाळांच्या बहुतेक इमारती फेब्रुवारीत बंद झाल्या. मुले रेडिओवर, दूरचित्रवाणीवर आणि वर्तमानपत्रातून धडे घेत होती. गॅसवर न चालणाऱ्या मोजक्या इमारतींत आठवड्यातून एखाद्या दिवशी वर्ग भरे. ‘शाळेविना शाळा’ असे त्या महिन्याचे नाव पडले. ऊर्जेचा प्रश्न म्हणजे काय हे शाळांना कोणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. शाळांनी हाताशी होते तेवढे केलेही. एकाआड एक ट्यूब काढली, थर्मोस्टॅट खाली आणला, मोठमोठ्या खिडक्या बुजवल्या. पण ही सगळी फुकटात होणारी कामे होती. ज्यांना पैसे लागत ती कामे राहून गेली. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य वर्गांत छताला तीच जाड ट्यूब आणि तोच गुणगुणणारा चोक होता.

कारण शाळेचे दोन खिसे. अमेरिकेतले स्कूल डिस्ट्रिक्ट आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागासारखे नसते. ते स्वतःचे निवडून आलेले मंडळ असलेले, बहुतेक राज्यांत मालमत्ता करावर चालणारे स्वतंत्र स्थानिक सरकार असते. विजेचे बिल, पगार, पुस्तके हा त्याचा चालू खर्च. इमारत, छप्पर, बॉयलर हे भांडवली खर्च, आणि ते बहुधा रोख्यांतून उभे राहतात. त्या रोख्यांना अनेक राज्यांत मतदारांची मंजुरी लागते. पहिल्या खिशातून दर महिन्याला पैसे गळत असले तरी ते थांबवण्यासाठी दुसऱ्यात हात घालता येत नाही. कॅलिफोर्नियात ही अडचण टोकाला गेली. जून १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ ने मालमत्ता कर एक टक्क्यावर बांधून टाकला आणि शाळांना नवे रोखे काढणेच अशक्य करून ठेवले. १९८६ साली ती वाट पुन्हा खुली झाली, पण दोन-तृतीयांश मतांच्या अटीवर. ही अट ५५ टक्क्यांवर यायला २००० साल उजाडावे लागले. या गाठीची जाण सरकारांना होती, हे त्या काळचे कायदे सांगतात. १९७८च्या राष्ट्रीय ऊर्जा बचत धोरण कायद्यात शाळा आणि रुग्णालयांसाठी खर्चाच्या निम्म्या रकमेचे अनुदान होते. कॅलिफोर्नियाने १९७९ साली शाळांना कमी व्याजाच्या कर्जाची सोय केली. ओहायोने १९८५ साली ऊर्जा बचतीपुरते कर्ज काढायला मतदानाची अटच काढली. पण निम्मे अनुदान म्हणजे निम्मे स्वतःचे, आणि कर्ज म्हणजे शेवटी कर्जच. सरकारी अनुदान अर्थसंकल्पाच्या वाऱ्यावर हलत राहिले. ज्याच्याकडे भांडवलाचा खरा ओघ होता, तो तिसरा पक्ष अजून चित्रात यायचा होता.

वीज कंपनी या चित्रात आली ती स्वतःच्या संकटामुळे. वॉशिंग्टन राज्यातल्या वॉशिंग्टन पब्लिक पॉवर सप्लाय सिस्टिमने एकदम पाच अणुकेंद्रे बांधायला घेतली. अंदाजपत्रक वाढत वाढत सुमारे २४०० कोटी डॉलरपर्यंत गेले, ज्या मागणीच्या भरवशावर हा घाट घातला होता ती आलीच नाही, आणि १९८३ मध्ये संस्थेने २२५ कोटी डॉलरच्या रोख्यांवर हात वर केले. अमेरिकेच्या म्युनिसिपल रोखे बाजारात तोवर एवढी मोठी थकबाकी झाली नव्हती. पाचपैकी एकच केंद्र पूर्ण झाले. त्याआधीच, १९८० साली, काँग्रेसने वायव्य अमेरिकेसाठी वेगळा वीज कायदा करून बचतीला वीजकेंद्राच्या पंक्तीत बसवले होते. इतकेच नव्हे, तर पहिले पान तिला वाढले: बचत दहा टक्के महाग पडली तरी ती परवडते असे धरावे, अशी तरतूद त्यात आहे. कॅलिफोर्नियात हाच वाद दरांच्या सुनावणीत लढला गेला. एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंडाचे वकील डेव्हिड रो आणि अर्थतज्ज्ञ झॅक विली यांनी पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकच्याच आकड्यांवरून दाखवून दिले की नियोजित मोठ्या केंद्रांपेक्षा बचत आणि छोटे स्रोत ग्राहकांना स्वस्त पडतात आणि भागधारकांनाही. झाडे-पक्ष्यांसाठी भांडणारी संस्था कंपनीच्या ताळेबंदावर बोलू लागली, आणि मला वाटते, नियामकाने तिचे ऐकले ते त्यामुळेच. उलट बाजूचे उदाहरणही आहे. न्यूयॉर्कच्या वीज नियामक आयोगाने १९७३ साली वीजवापर वाढवणाऱ्या जाहिरातींवरच बंदी घातली होती. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवली. बंदी टिकली नाही, हिशेब टिकला.

अडचण एकच उरली होती. बचत झाली की विक्री घटते, आणि विक्री घटली की कंपनीचा स्थिर खर्च भरून येत नाही. आपल्याच गिऱ्हाइकाला कमी घे म्हणणारा दुकानदार जसा दुर्मीळ, तशीच अशी कंपनी. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने विजेसाठी १९८२ साली यावर तोडगा काढला: कंपनीचे एकूण उत्पन्न आयोग ठरवेल; विक्री त्यापेक्षा कमी झाली तर तूट पुढच्या दरांतून भरून मिळेल, जास्त झाली तर वरकड ग्राहकांना परत जाईल. कंपनीच्या नफ्याचे युनिटांशी असलेले नाते तुटले. १९९०च्या सुमारास आणखी एक पाऊल पडले. कंपन्या, पर्यावरण संस्था आणि ग्राहक प्रतिनिधी एकत्र बसले आणि बचत यशस्वी झाली तर तिच्या लाभातला एक वाटा भागधारकांना मिळावा असे ठरले. त्यानंतर परताव्यावरचा खर्च झपाट्याने चढला आणि कंपनीचे प्रतिनिधी शाळांच्या दारात येऊ लागले.

त्यांच्या हातात काय होते, हे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण सगळा युक्तिवाद एका ट्यूबवर तोलता येतो. वर्गाच्या छतातल्या जुन्या चौकटीत ४० वॅटच्या चार जाड ट्यूबा आणि दोन चुंबकीय चोक असत. ती साधारण १७० ते १९० वॅट घेई. बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेने १९७०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक चोकला चालना दिली, त्याच्या जोडीला ३२ वॅटची बारीक ट्यूब आली, आणि तोच उजेड सुमारे ११० वॅटमध्ये मिळू लागला. चौकटीमागे ७० वॅट वाचले. समजा शाळा वर्षाला २००० तास दिवे लावते आणि युनिटचा दर दहा सेंट आहे, तर बचत वर्षाला १४ डॉलर. बदलाला मजुरीसकट ६० डॉलर लागले तर पैसे वसूल व्हायला चार वर्षांहून अधिक. रात्री उशिरापर्यंत दिवे जळणाऱ्या कार्यालयात हेच अडीच-तीन वर्षांत होते. म्हणजे उन्हाळ्यात बंद राहणारी, दुपारी सुटणारी शाळा मुळात या व्यवहारात मागे पडते. कंपनीने चौकटीमागे २० डॉलर दिले की शाळाही कार्यालयाच्या ओळीत येते, आणि राहिलेले ४० डॉलर दुरुस्तीच्या चालू खर्चात बसू शकतात. रोख्यांच्या मतदानापर्यंत जावे लागत नाही. परताव्याने तंत्रज्ञान स्वस्त केले त्यापेक्षा मोठे काम हे केले: खर्चाला एका खिशातून दुसऱ्या खिशात आणले. जाता जाता आणखी एक लाभ झाला, जो कोणत्याही हिशेबात धरलेला नव्हता. १९७९ पूर्वीच्या बऱ्याच चोकांत पीसीबी नावाची घातक रसायने होती, आणि जुने झाल्यावर ते चोक वर्गांत पाझरत. जिथे परताव्यामुळे ते आधीच उतरले, तिथे ते काढण्याची पुढची धावपळ टळली.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत सबळ पुरावा मात्र परतावा वाढला तेव्हा नव्हे, आटला तेव्हा मिळतो. १९९३ साली अमेरिकी कंपन्या मागणी-व्यवस्थापनावर, म्हणजे परताव्यासारख्या बचत कार्यक्रमांवर, सुमारे २७० कोटी डॉलर खर्च करत होत्या. १९९८ पर्यंत हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. मधल्या काळात शाळांची बिले उतरली नव्हती आणि जनजागृती ओसरली नव्हती. बदलले ते एवढेच, की राज्ये वीजबाजार खुला करण्याच्या गोष्टी बोलू लागली. उद्या ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे जाणार असेल, तर त्याच्या छतात आपले पैसे कोण घालेल? नवे केंद्र बांधण्याची जबाबदारीच गेली, तर ते टाळण्याचा मोबदला देण्याचे कारणही जाते. कॅलिफोर्नियाने १९९६च्या कायद्यात बिलावर वेगळा आकार लावून हा निधी वाचवला, व्हर्मांटने २००० साली बचतीसाठी स्वतंत्र संस्थाच उभी केली. मग खुल्या बाजाराचे व्हायचे ते झाले. जानेवारी २००१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात पाळीपाळीने अंधार पडला, एप्रिलमध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकने दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्या उन्हाळ्यात राज्याने जाहीर केले की गेल्या वर्षीपेक्षा २० टक्के वापर कमी करा, बिलात २० टक्के सूट घ्या. मोबदला आला की वापर खाली येतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकाबाहेर क्वचितच इतके उघड दिसते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जुना: शाळेचे दिवे बदलायचे पैसे शेजारच्या विधवेच्या बिलातून का घ्यायचे? याचे उत्तर नियामकांनी तत्त्वात नव्हे, तुलनेत दिले आहे. शाळा तेवढीच वीज वापरत राहिली तर तिच्यासाठी लागणाऱ्या केंद्राचे आणि तारांचे पैसे त्याच विधवेच्या बिलात येणार. प्रश्न घ्यायचे की नाही हा नसून कशासाठी घ्यायचे हा आहे. पण हे उत्तर बचत खरोखर झाली असेल तरच उभे राहते, आणि इथे दुसरा आक्षेप येतो. १९९२ साली पॉल जॉस्को आणि डोनाल्ड मॅरन या अर्थतज्ज्ञांनी कंपन्यांचे अहवाल तपासून दाखवले की प्रशासनाचा खर्च आणि परताव्याशिवायही बदल करणारच होते असे ग्राहक धरले, तर वाचलेल्या युनिटची खरी किंमत कागदावरच्या किमतीपेक्षा बरीच चढते. शाळांपुरता याहून नेमका अभ्यास नंतर झाला. फियोना बर्लिग आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या शाळांच्या मीटरची तासागणिक नोंद घेऊन पाहिले, तेव्हा अंदाजलेल्या बचतीपैकी प्रत्यक्षात सुमारे ६० टक्के मिळाल्याचा त्यांचा मध्यवर्ती अंदाज निघाला. परताव्याच्या समर्थकांनी हा आकडा लपवू नये. ६० टक्के म्हणजे फसवणूक नव्हे, पण अभियंत्याचे कोष्टक आणि मीटर यांत मीटरवर विश्वास ठेवायला सांगणारा आकडा आहे. पैसे मीटर पाहून द्यावेत, ही मागणी त्यामुळे रास्त आहे. ती मान्य केल्याने मूळ हिशेब मोडत नाही. परताव्याची रक्कम आणि तो देण्याची वेळ तेवढी बदलते.

तिसरा आक्षेप कमी ऐकू येतो आणि मला तो अधिक धारदार वाटतो. कॅलिफोर्नियात विजेची खरी ओढाताण उन्हाळ्यात असते, आणि जुलैत शाळा बंद असतात. मग शाळेत वाचलेले युनिट कंपनीचे नवे केंद्र कसे टाळणार? प्रामाणिकपणे पाहिले तर जुलैतले टाळत नाही. शाळा ऑगस्टमध्ये उघडते आणि सप्टेंबरची उष्णता तिथे कमी नसते, म्हणून काही वाटा मिळतो. पण पूर्ण वाटा मागणे चूक ठरेल. वायव्येकडे चित्र वेगळे आहे. तिथल्या वीजजाळ्यावर ताण येतो तो थंडीच्या सकाळी, नेमके शाळा तापवायच्या वेळी. तोच बॉयलर, तीच शाळा, पण सिएटलजवळच्या बचतीचे मोल लॉस एंजेलिसजवळच्या बचतीपेक्षा वेगळे. परतावा ही दानाची रक्कम असती तर दोन्हीकडे सारखी चालली असती. ती विजेची किंमत आहे म्हणून जागेप्रमाणे बदलते.

हाच हिशेब महाराष्ट्रातही येऊन गेला आहे, आणि त्याची एक वाट बर्कलीहून येते. त्याच लॉरेन्स प्रयोगशाळेतले, मूळचे मुंबईचे अशोक गाडगीळ यांनी १९९०च्या सुमारास मुंबईसाठी एक आराखडा मांडला: घरोघरी सीएफएल दिवे वीज कंपनीने द्यायचे आणि त्यांची किंमत बिलातून हप्त्याने वसूल करायची. २००५-०६च्या सुमारास महावितरणने नाशिकमध्ये तशाच धर्तीचा प्रयोग केला, आणि २०१० साली महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मागणी-व्यवस्थापनाचे विनियम काढले. बचतीचा कार्यक्रम परवडतो का हे तपासण्याच्या कसोट्याही त्यांत आहेत. पण शाळांपुरते अमेरिकेचे उदाहरण इथे उचलून लावता येणार नाही. चार ट्यूबा आणि दोन पंखे असलेल्या जिल्हा परिषद शाळेत वाचवायला फारसे काही नसते; तिथला प्रश्न थकलेल्या बिलामुळे तुटणाऱ्या जोडणीचा असतो. इथे आधी चालू खर्चाचाच खिसा भरायला हवा, आणि ते काम परताव्याचे नाही.

अमेरिकेत चौथा आक्षेप उरतो, आणि त्याला पुरेसे उत्तर परताव्याच्या मूळ रचनेत नाही. परतावा नंतर मिळतो. आधी पैसे घालावे लागतात, अर्ज भरावे लागतात, ठेकेदारांचे अंदाज तपासावे लागतात. ज्या डिस्ट्रिक्टकडे ऊर्जा व्यवस्थापक आहे ते रांगेत पुढे असते. ज्याच्याकडे एकच दुरुस्ती कामगार आहे, त्याच्यापर्यंत माहितीपत्रक पोहोचते, धनादेश पोहोचत नाही. दोन खिशांची गाठ सोडवणारे साधन अशा रीतीने ज्यांचा दुसरा खिसा अगदीच रिकामा नाही त्यांच्याच कामाचे ठरले. कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांपुढच्या एका प्रस्तावातून यावर वेगळा मार्ग काढला. बहुराज्यीय कंपन्यांची करातली पळवाट बुजवून येणाऱ्या पैशांपैकी निम्मा, वर्षाला जास्तीत जास्त ५५ कोटी डॉलर, पाच वर्षे स्वच्छ ऊर्जेच्या कामांसाठी राखला गेला, आणि त्याचा मोठा भाग शाळांकडे गेला. वाटणी अर्जाच्या चपळाईवर नव्हती. ८५ टक्के हजेरीच्या प्रमाणात, १५ टक्के मोफत किंवा सवलतीचे जेवण मिळणाऱ्या मुलांच्या संख्येप्रमाणे. गंमत म्हणजे या प्रस्तावाचा क्रमांक ३९ होता, आणि २००० साली शाळांच्या रोख्यांची अट ५५ टक्क्यांवर आणणाऱ्या प्रस्तावाचाही तोच होता; त्यामुळे शाळांच्या कागदपत्रांत ‘प्रॉप ३९’ म्हणजे कोणता, हा गोंधळ आजही होतो. २०२० साली करोनाच्या छायेत राज्याने आणखी एक कायदा केला. वीज आणि गॅस कंपन्यांच्या बचत कार्यक्रमांसाठीच्या निधीचा एक वाटा शाळांची हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणा आणि पाण्याचे नळ यांच्याकडे वळवला, आणि त्यात वंचित वस्त्यांना अग्रक्रम दिला. दरम्यान एलईडी आल्यावर दिव्यांवरच्या परताव्याचे दिवस भरत आले आहेत, कारण जो दिवा आता दुकानात सहज मिळतो त्यासाठी कोणी मोबदला देणार नाही. शाळांकडे उरली आहेत ती जुनी, मोठी, महाग कामे: बॉयलर, वातानुकूलन, छप्पर. चौकटीमागे २० डॉलर देऊन ती एका खिशातून दुसऱ्या खिशात जात नाहीत, आणि अमेरिकेतली राज्ये सध्या त्यांच्यासाठी कोणाचे भांडवल मागायचे याच वाटाघाटीत आहेत.